भगंदर: तोंड इथे, मूळ कुठे?

निपाणी-बेळगाव पट्ट्यात रस्त्याकडेला ‘मूळव्याध, फिशर, भगंदर’ ही नावं एकाच पाटीवर दिसतात, म्हणून तिन्ही एकच वाटतात. तसं नाही. मूळव्याधीत कोंब सुजतात, फिशरमध्ये चीर पडते. भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पोखरत आलेली नळी.

गैरसमज: पू येतो ते छिद्र बुजलं, की रोग गेला.

वस्तुस्थिती: मूळ बहुतेकदा असतं आतल्या एखाद्या तुंबलेल्या बारीक ग्रंथीत. तिथे गळू होतं, बाहेर फुटतं आणि वाट मागे राहते. मलमाने बाहेरचं तोंड सुकलं, तरी आतलं उघडंच. मग ठणका परत.

गैरसमज: मुरलेला डॉक्टर बाहेरून बघूनच नळीची वाट सांगतो.

वस्तुस्थिती: यात थोडं तथ्य आहे. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातले सर्जन गुडसॉल यांचा ठोकताळा 1900 पासून चालत आलाय. रोग्याला उताणं निजवून गुदद्वारावर आडवी रेघ कल्पायची. छिद्र रेघेच्या पुढे असेल तर नळी बहुधा सरळ आत जाते. मागे असेल तर वळसा घेऊन माकडहाडाच्या बाजूला मधोमध उघडते. पुढचं छिद्र गुदद्वारापासून 3 सेंटीमीटरहून लांब असेल, तर त्याची नळीही मागे वळू शकते. पण परत उद्भवलेल्या, क्षयाच्या किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या भगंदरात हा अंदाज हमखास भरवशाचा नाही. म्हणून डॉक्टर बोटाने चाचपतात, कातडीखाली नळी दोरीसारखी लागते. ऑपरेशनच्या टेबलावर बाहेरच्या छिद्रातून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. आत बुडबुडे येतात तिथे दुसरं तोंड. गुंतागुंत वाटली तर आधीच एमआरआय. नळी शौच रोखणाऱ्या स्नायूच्या किती भागातून गेलीय, हे त्यात दिसतं. अंदाजाने जास्त स्नायू कापला गेला, तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो.

गैरसमज: क्षारसूत्राला, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याला, वाट शोधावी लागत नाही.

वस्तुस्थिती: उलट, दोरा खऱ्या वाटेतूनच ओवावा लागतो. सुश्रुताने भगंदराला ‘उष्ट्रग्रीव’, ‘शंबुकावर्त’ अशी नावं दिली. म्हणजे उंटाच्या मानेसारखा, शंखाच्या वेढ्यासारखा. आकाराकडे लक्ष तेव्हापासूनचं. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला हा दोरा साधारण आठवड्याला बदलतात.

आपल्याकडे एक ऑपरेशन मिरजेला, दुसरं बेळगावला, असंही होतं, आणि कागद मात्र घरीच राहतात. पुढच्या वेळी एमआरआयची फिल्म, आधीच्या ऑपरेशनचा कागद सोबत न्या. आणि लाज न बाळगता विचारा: आतलं तोंड सापडलं का?