श्वानाच्या पोटास कोंडा मानवतो काय?

धान्याचा व्यापार करणाऱ्यास दाण्याइतकीच त्याच्या टरफलाचीही पारख असावी लागते. गव्हाचा कोंडा, तुरीची चुणी, हरभऱ्याचे फोल हे आमच्या धंद्यातील दुय्यम जिन्नस होत. तथापि गोठ्यात त्यांना मोल आहे. माणसाच्या आहारातील चोथ्याचे महत्त्व डॉक्टर मंडळी सांगू लागल्यापासून हाच कोंडा कुत्र्यासही हितकर असावा, असा समज आपल्या घरांतून रूढ होत आहे. अनेक सभासदांच्या घरी श्वान पाळले जातात. शिवाय श्रीमंत सयाजीराव महाराजांनी खंडेराव महाराजांच्या स्मरणार्थ बांधविलेल्या आपल्या खंडेराव मार्केटच्या परिसरात, भाजी-फुलांच्या दुकानांमधून वावरणाऱ्या बेवारशी कुत्र्यांच्या मुखी दोन घास घालणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. तेव्हा या समजात तथ्य किती, हे पाहणे अस्थानी होणार नाही.

प्रथम चोथा म्हणजे काय ते पाहू. वनस्पतीच्या ज्या अंशास प्राण्याचे पाचकरस फोडू शकत नाहीत, तो चोथा. गाय रवंथ करते, तिच्या पोटास चार कप्पे असतात व तेथील सूक्ष्म जंतू चोथ्याचेही अन्न करून देतात. श्वानाची रचना निराळी आहे. त्याचे जठर एक व आतडे आखूड. म्हणून जो कोंडा गाईचे पोषण करतो, तो कुत्र्याचे पोट केवळ भरतो. श्वानाच्या आहारात चोथा अमुक इतका असलाच पाहिजे, असे किमान प्रमाण आहारशास्त्राने ठरविलेले नाही.

मग चोथा निरुपयोगी काय? तसेही नव्हे. त्याच्या दोन जाती आहेत. गव्हाच्या कोंड्यासारखा न विरघळणारा चोथा मळास आकार देतो व आतड्यास गती देतो. इसबगोलासारखा चोथा पाणी शोषून बुळबुळीत होतो. त्यामुळे खडा झालेला मळ मऊ पडतो आणि पातळ मळ बांधलाही जातो. एकच वस्तू दोन उलट विकारांवर उपयोगी पडावी, यातील मर्म हे असे पाण्यात आहे. काही प्रकारचा चोथा मोठ्या आतड्यातील जंतू आंबवितात आणि त्यातून निघणारी आम्ले आतड्याच्या अस्तरास पोसतात. कुत्र्यांच्या मोठ्या आतड्याच्या जुनाट अतिसारावर सुपाच्य अन्नासोबत इसबगोल देऊन गुण आल्याचे पशुवैद्यांनी नोंदविले आहे. हा इसबगोल आपल्याच उत्तर गुजरातेत पिकतो व उंझ्याच्या पेठेत विकला जातो.

धान्य हे श्वानास सर्वथा परके अन्न, असेही कोणी म्हणू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, पिष्ट पचविणाऱ्या रसाच्या जनुकाच्या लांडग्यात केवळ २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. मनुष्याच्या सहवासात राहून तो भाकरी पचविण्यास शिकला आहे. मेहसाणा जिल्ह्यातील पांचोट गावी तर कुत्र्यांच्या नावे राखलेल्या जमिनीच्या उत्पन्नातून त्यांना रोज रोटले घालण्याची व्यवस्था आहे, आणि तिची वार्ता २०१८ साली वृत्तपत्रांतून सर्वदूर पसरली होती.

परंतु रोटला निराळा आणि कोंडा निराळा. अती चोथ्याने पोट फुगते, मळ वाढतो आणि अन्नातील सत्त्व अंगी लागत नाही. कोंड्यातील एक द्रव्य जस्तासारख्या क्षारांस बांधून ठेवते. वाढत्या पिलास त्याची उणीव भासून कातडीचे विकार होऊ शकतात. लठ्ठ श्वानास चोथ्याने पोट भरल्याचे समाधान मिळते, हे खरे. पण ज्याच्या बरगड्या दिसतात, अशा रस्त्यावरील कुत्र्यास तेच समाधान घातक ठरते.

व्यवहारात एवढे ध्यानी ठेवावे. घरच्या श्वानाचे शौच बिघडल्यास शिजवून कुस्करलेला, बिनमसाल्याचा लाल भोपळा एक-दोन चमचे अन्नात मिसळावा. तो मार्केटात बारमाही मिळतो. इसबगोल द्यावयाचा तर लहान कुत्र्यास अर्ध्या चहाच्या चमच्यापासून आरंभ करावा, तो भरपूर पाण्यात भिजवूनच द्यावा आणि प्रमाण पशुवैद्यास विचारून वाढवावे. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस दूध पचत नाही. दुधाने झालेल्या जुलाबावर कोंडा हा उपाय नसून दूध थांबविणे हा उपाय आहे. कांदा-लसूण श्वानास विषवत आहे. आपल्या स्वयंपाकघरात तो नसतो, हे बरेच. पण द्राक्षे आणि मनुका आपल्याकडे असतात, व त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मळात रक्त दिसल्यास, ओकारी थांबत नसल्यास किंवा पिलू मलूल झाल्यास घरगुती उपायात एक दिवसही दवडू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. गोदामाच्या झाडणीतून निघालेला भुसा-कोंडा उकडून कुत्र्यांपुढे ओतावा आणि भूतदया घडली असे मानावे, ही रीत काही ठिकाणी दिसते. आम्ही व्यापारी आहोत. माल कोणता व कशाच्या भावाने चालला आहे, हे आपणांस कळत नाही असे नाही. ओलसर झाडणीत बुरशी असते, आणि बुरशीचे विष शिजविल्याने जात नाही. चोथा श्वानाच्या पचनास साहाय्य करतो, पण मीठ जसे अन्नास करते तसे: चिमटीच्या मापाने. त्याचे मुख्य अन्न सत्त्वयुक्तच हवे. भाकरी घालावयाची तर चांगल्या पिठाची घालावी, तिच्या जोडीस मऊ शिजलेले वरण किंवा थोडे दही द्यावे आणि शेजारी स्वच्छ पाण्याचे कुंडे ठेवावे. मुक्या प्राण्यास भाव विचारता येत नाही; म्हणून त्याच्याशी करावयाच्या व्यवहारात आपले माप अधिकच खरे असले पाहिजे.