वारा दुपारचा, फळी रुंद!

मार्चातली दुपार. मालवणचा चिवला किनारा. सकाळभर तेल ओतल्यासारखा सपाट पडलेला समुद्र अचानक अंग हलवतो. दूरवर पाण्यावर एक गडद निळा पट्टा उमटतो, बघता बघता जवळ येतो, मग सुरूचे शेंडे आवाज करू लागतात. वारा आला! विंडसर्फिंगची, म्हणजे पायाखाली फळी आणि हातात शीड घेऊन पाणी कापण्याची हीच वेळ. पण फळी कुठली घ्यायची? या किनाऱ्यापुरतं उत्तर सोपं आहे: जी लवकर पाण्यावर चढेल ती. का, ते गमतीगमतीत पाहू.

घड्याळ लावून येणारा वारा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री उलटं घडतं. किनाऱ्यावर कुणालाही विचारा, उत्तर मिळेल, "दोन वाजले काय वारो सुटतलो." पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत हा दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे तो तिरका लागतो. एका रेषेत आत जायचं आणि त्याच रेषेत परत यायचं, यासाठी याहून सोयीची दिशा नाही. फक्त तो सौम्य असतो, आणि फळी निवडताना सगळं गणित इथूनच सुरू होतं.

चपट्या दगडाचं गुपित

चपटा दगड तिरका फेकला की तो बुडत नाही, टप्पे घेत जातो. वेगात असलेल्या सपाट वस्तूला पाणी वर ढकलतं. फळीचंही तसंच. हळू असताना ती पाण्यात बसून पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की स्वतःच्याच लाटेवर चढते आणि पृष्ठभागावरून सरकू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. ज्या क्षणी ती चढते त्या क्षणी आवाज बदलतो. नाळेखालची थपथप थांबते आणि पायाखाली सलग सळसळ सुरू होते. ती सळसळ एकदा ऐकली की माणूस या खेळाचा झालाच!

लांबीने वेग वाढतो, पण किती?

पाण्यात बसून चालणाऱ्या कुठल्याही होडीच्या वेगाला तिच्या लांबीचा लगाम असतो. २.४ मीटर लांबीच्या फळीचा हा कमाल वेग साधारण पावणेचार नॉट, म्हणजे ताशी सातेक किलोमीटर. लांबी दुप्पट केली तरी वेग दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होतो. पण फळी एकदा पाण्यावर चढली की हा लगाम सुटतो. म्हणून वेग हवा असेल तर लांबीच्या मागे लागू नका. आधी चढायचं बघा.

रुंदी हीच खरी ताकद

फळी लवकर चढवते ती रुंदी, त्यातही मागच्या टोकाकडची. रुंद तळाला पाणी कमी वेगातही उचलून धरतं, शिवाय मोठ्या शिडाचा जोर तोलायला पायांना जागा मिळते. मंद वाऱ्यातल्या शर्यतींसाठी बनवलेल्या फॉर्म्युला जातीच्या फळ्या जवळजवळ १०० सेंटिमीटर रुंद असतात! रोजच्या मजेसाठी एवढी रुंदी नको. मध्यम वजनाच्या आणि तोल सांभाळता येणाऱ्या माणसाला ७५ ते ८५ सेंटिमीटर पुरे.

लिटरमध्ये मोजायची फळी

फळीचं माप दुधासारखं लिटरमध्ये सांगतात. हिशेब सरळ आहे: एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तरंगवतं. माणूस ७० किलो, त्यावर फळी, शीड, डोलकाठी मिळून आणखी पंधरा-वीस किलो. म्हणजे ९० लिटरला फळी जेमतेम तरंगेल. थोडा सराव असलेल्याने ११५ ते १३० लिटर बघावी, नवशिक्याने १५० च्या पुढे. वारा पडला तर हेच जास्तीचे लिटर तुम्हाला किनाऱ्यावर आणतात.

पट्टी ठेवा, उजेड बघा

विकत घेण्यापूर्वी फळी उलटी करा आणि मागच्या टोकापासून पुढे तळावर एक लांब सरळ पट्टी ठेवा. पट्टीखालून उजेड कुठे दिसतो ते डोळा लावून पाहा. मागचा भाग पट्टीला चिकटून सपाट असेल तर फळी लवकर चढेल आणि सरळ पळेल. टोक वर वळलेलं असेल तर ती लाटांवर छान गिरक्या घेईल, पण आपल्या दुपारच्या वाऱ्यात पाण्यात बसून राहील.

चमचा आणि सुरी

स्वयंपाकघरात हा प्रयोग करा. चमचा दोन बोटांत सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला लावा. चमचा धारेकडे ओढला जातो! गोलाईला पाणी चिकटतं. आता सुरीची धारदार कड लावा, पाणी तिथेच सुटतं. म्हणून वेगवान फळीच्या कडा मागच्या बाजूला धारदार असतात. बोट फिरवून बघा. कड गोल लागली तर ती फळी पाण्याला धरून ठेवणार.

वारा थोडा, जोर दुप्पट

वारा १० नॉटवरून १४ नॉटवर गेला, तर शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. समुद्रावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की वारा १२ नॉटच्या आसपास आला समजा. रुंद फळी आणि साडेसात-आठ चौरस मीटरचं शीड असेल तर हीच निघायची वेळ.

फिन: लांब की वाकडं?

फळीखालचं फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, लांब असेल तर मंद वाऱ्यात फळीला छान उचल मिळते. पण मालवणचा तळ खडकाळ, आणि खडकांवर सरगॅसमचं शेवाळ. सरळ फिनला शेवाळ गुंडाळलं की वेग गेलाच! मागे झुकलेल्या फिनवरून ते घसरून जातं. ओहोटीला खडक वर येतात, तेव्हा लांब फिन घरीच ठेवा.

जगातली वेगवान फळी इथे कामाची नाही

२०१५ मध्ये फ्रान्सच्या अंत्वान अल्बोने नामिबियातल्या ल्यूडेरित्सला, वेगासाठी मुद्दाम खणलेल्या कालव्यात ५०० मीटरवर सरासरी ५३.२७ नॉट गाठले. ताशी जवळजवळ ९९ किलोमीटर! त्या फळ्या अतिशय अरुंद असतात आणि त्यांना झोडपणारा वारा लागतो. चिवल्याच्या दुपारी तशी फळी बुडबुडतच राहील.

आपल्या खलाशांना हे ठाऊक होतं

मराठा आरमारात गुराब मोठं, तोफांचं. गलबत हलकं, उथळ तळाचं, वारा पडला तर वल्ह्यांवरही पळणारं. वारा नसला की गलबतं गुराबांना ओढून लढाईत नेत. आजही सिंधुदुर्गातल्या अरुंद होडीला बाजूला उलांडी दिसते, म्हणजे शिडाचा जोर पेलायला बाहेरून जोडलेली रुंदीच. जसा वारा तशी होडी, हे या किनाऱ्याचं जुनं शहाणपण.

बारा वर्षांचा साक्षीदार

अमेरिकेत जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण इंग्लंडच्या पीटर चिल्व्हर्सने १९५८ मध्ये, बाराव्या वर्षी, हेलिंग बेटावर शीड लावलेली फळी चालवली होती. पुढे इंग्लंडच्या न्यायालयात त्या मुलाच्या फळीने पेटंट पाडलं!

शेजारी, भोपाळ आणि पंख

१९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. शेजारच्या गोव्याचे कात्या आणि डेन कोएल्हो २०१८ च्या आशियाई स्पर्धेत उतरले. भोपाळच्या तलावावर शिकलेल्या इबाद अलीने हांगझोच्या स्पर्धेत २०२३ मध्ये कांस्य जिंकलं. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये तर फळी पाण्याबाहेरच आली! २२० सेंटिमीटर लांब, ९५ रुंद, आणि खाली पंख लावलेला दांडा. मंद वाऱ्यातही ती लवकर उठते. मात्र तिला खोल पाणी लागतं, आपले खडक तिचे वैरी.

चार गोष्टी गाठीला बांधा

पहाटेचा मतलई वारा समुद्राकडे ओढतो, त्यात एकट्याने जाऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला वारा तुटतो आणि धक्क्यावरून प्रवासी होड्या सतत ये-जा करतात, तिथून लांब राहा. पावसाळ्यात फळी माळ्यावर ठेवा. आणि लाइफ जॅकेट नेहमी अंगावर.

मग दुपारी दोनला चिवल्यावर या. पांढरे तुरे मोजा, फळी पाण्यात ढकला, शीड उचला. थपथप थांबून सळसळ सुरू झाली की समजा, फळी बरोबर निवडली.