वाळूतील वाहन आणि वंगणाची निवड

अलिबागजवळच्या नागावच्या पुळणीवर सुटीच्या दिवशी चार फुगीर चाकांची, खोगिरासारख्या बैठकीची आणि मोटारसायकलीसारख्या हँडलची लहान वाहने पर्यटकांना घेऊन धावताना दिसतात. तशीच वाहने लडाखमध्ये, नुब्रा खोऱ्यातील हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवरही चालतात. कोणत्याही भूमीवर चालणारी म्हणून ख्याती पावलेली ही वाहने ए. टी. व्ही. या आद्याक्षरांनी ओळखली जातात. होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत असे एक वाहन विकावयास आणले, त्यास तीनच चाके होती. चार चाकांचे रूप त्यानंतरच्या दशकात रूढ झाले.

अशी दोन-चार वाहने भाड्याने देऊन जो आपला प्रपंच चालवितो, त्याच्यापुढे तेल बदलण्याच्या वेळी दुकानदार दोन डबे ठेवतो. एकात नेहमीचे खनिज तेल असते, दुसऱ्यात त्याहून बरेच महाग असे ‘सिंथेटिक’ तेल. भर हंगामात एंजिन जाम झाले, तर वर्षाची कमाई दुरुस्तीत जाते. तेव्हा डब्याच्या किंमतीचा हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

खनिज तेल म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलाचे ऊर्ध्वपातन व शुद्धीकरण करून मिळालेला भाग होय. त्यात लहानमोठ्या, सरळ व फाटे फुटलेल्या अशा नाना प्रकारच्या रेणूंची सरमिसळ असते. काहींचे थंडीत मेण बनू लागते, तर काही हलके रेणू उष्णतेने वाफ होऊन उडून जातात. सिंथेटिक म्हणजे संश्लिष्ट तेल याच्या उलट रीतीने तयार होते. एथिलीन वायूपासून ठराविक लांबीचे रेणू बनवावयाचे आणि त्यांपैकी तीन-चार एकमेकांस जोडून तेलाचा रेणू घडवावयाचा, ही त्याची एक प्रमुख पद्धत. रेणू जवळजवळ सारखे असल्यामुळे ते थंडीत लवकर गोठत नाही आणि तापल्यावर फारसे उडतही नाही.

मात्र डब्यावरील ‘सिंथेटिक’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नाही. खनिज तेलावरच उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचे रेणू बदलता येतात, व असे तेल गुणांनी पुष्कळच सरस ठरते. जाहिरातीत त्यासही सिंथेटिक म्हणता येईल, असा निर्णय १९९९ साली अमेरिकेत एका वादात दिला गेला. आज बाजारात या नावाने मिळणारे बरेचसे तेल याच जातीचे असते. हे तेल खोटे नव्हे. पण केवळ नावावर भाळून पैसे मोजणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

नावापेक्षा आकडे अधिक प्रामाणिक असतात. ‘१०-डब्ल्यू-४०’ या खुणेतील डब्ल्यूच्या आधीचा आकडा तेल थंडीत कितपत प्रवाही राहते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, किती उरतो ते सांगतो. १०-डब्ल्यूची थंडीतील कसोटी उणे २५ अंशांवर घेतात, ५-डब्ल्यूची उणे ३० वर आणि ०-डब्ल्यूची उणे ३५ वर. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास उतरतो. तेथे पहाटे एंजिन सुरू करताना तेल काकवीसारखे घट्ट झाले असेल, तर ते बेअरिंगपर्यंत पोहोचेतोवर धातूवर धातू घासत राहतो. अशा ठिकाणी ५-डब्ल्यू किंवा ०-डब्ल्यूचे तेल घेणे शहाणपणाचे. आणि ५-डब्ल्यू-५० सारखे रुंद पल्ल्याचे तेल नुसत्या खनिज तेलापासून नीट साधत नाही. पोलारिस ही अमेरिकन कंपनी आपल्या अनेक वाहनांसाठी याच श्रेणीचे सिंथेटिक तेल सुचविते. नागावच्या पुळणीवर या गुणाचा उपयोग जवळजवळ शून्य.

याहूनही महत्त्वाची गोष्ट क्लचची. अनेक ए. टी. व्हीं.मध्ये एंजिन, दंतचक्रे आणि क्लच ही तिन्ही एकाच तेलात न्हातात. क्लचच्या चकत्यांना एकमेकींस घट्ट पकडण्यासाठी घर्षण हवे असते. एंजिनाला ते नको असते. मोटारगाड्यांच्या काही तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. तसले तेल येथे ओतले, की चढावर एंजिन नुसते ओरडते आणि वाहन जागचे हलत नाही. मग दोष सिंथेटिकच्या माथी मारला जातो. वस्तुतः दोष त्या द्रव्यांचा असतो, आणि तो खनिज तेलातही असू शकतो. जपानमध्ये १९९८ साली चार स्ट्रोकच्या मोटारसायकलींसाठी ‘जासो’ हे मानक ठरविले गेले. त्यातील ‘एम. ए.’ ही खूण ओल्या क्लचसाठी योग्य तेलावर असते, ‘एम. बी.’ हे कमी घर्षणाचे तेल तेथे टाळावे. ज्या वाहनात शक्ती कोरड्या पट्ट्याने चाकांकडे जाते, तेथे ही अडचण बहुधा उद्भवत नाही.

दंतचक्रांचा आणखी एक उपद्रव आहे. तापलेले तेल पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळीचे रेणू मिसळतात. दात्यांमध्ये चिरडून त्या साखळ्या तुटतात व तेल हळूहळू पातळ पडते. उत्तम सिंथेटिकला अशा द्रव्याचा आधार कमी लागतो, म्हणून त्याचा दाटपणा अधिक काळ टिकतो. पुळणीवरची बरीचशी लहान एंजिने वाऱ्याने थंड होणारी असतात. मंद गतीने, जड वाळूत चालताना त्यांना वारा पुरेसा मिळत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडीकरण साधारणतः दुप्पट वेगाने होते. तेव्हा उष्णतेच्या दृष्टीने सिंथेटिकची बाजू कोकणातही बळकट आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण या वाहनांचे तेल उष्णतेने खराब होण्यापूर्वीच बहुधा घाणीने खराब होते. एंजिनात तेल असते दोन-तीन लिटर, कित्येकदा त्याहूनही कमी. हवेच्या गाळणीतून निसटलेली वाळूची बारीक धूळ त्यात मिसळली, की दट्ट्याच्या कड्यांवर आणि सिलिंडरवर कानशीच फिरू लागते. सिलिकाचा कण विरघळविणारे तेल अजून कोणी केलेले नाही. म्हणून महाग तेल घातले आहे, ते दुप्पट दिवस चालवू, हा हिशेब पुळणीवर अंगाशी येतो. योग्य खुणेचे खनिज तेल कंपनीच्या पुस्तिकेतील मुदतीआधीच बदलणारा मालक येथे अधिक सुरक्षित असतो. एकदा सिंथेटिक घातले की पुन्हा खनिज तेलाकडे वळता येत नाही, ही समजूतही निराधार आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात.

सकाळी पहिल्या फेरीपूर्वी पट्टी काढून तेल पाहावे. काळसर रंगाची चिंता नको, तो मळ तेलाने उचलल्याची खूण आहे. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर मात्र त्यात पाणी शिरले आहे. डबा कोणताही असो, ते त्याच दिवशी काढून टाकावे, पाणी कोठून आले ते शोधावे, आणि नवे तेल घालून थोडे चालविल्यावर तेही पुन्हा एकदा बदलावे.