रिपोर्ट नॉर्मल, मळमळ कायम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विशीतलं पोरगं. सकाळी दात घासतानाच उमासे येतात, दोन घास पोटात गेले की डचमळायला लागतं, कधी उलटी होते, कधी नुसतं तोंडाला पाणी सुटून राहतं. असे चार-पाच महिने जातात. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीसारख्या गावात अशा मुलाची वाट ठरलेली असते. आधी घरचं आलं-लिंबू, मग मेडिकलवरची गोळी, मग मालेगावचा दवाखाना, मग वाशीम नाहीतर अकोला. दर ठिकाणी डॉक्टर नवा, तपासण्या पुन्हा त्याच. रिपोर्टांची पिशवी फुगत जाते, निदान मात्र लागत नाही. कारण मुलाची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी सलग ऐकलेलीच नसते. ती अर्धवट राहते, त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : मळमळ म्हणजे पित्त. दुसरं काय असणार?

वस्तुस्थिती : मळमळ जाणवते पोटात, पण ठरते मेंदूत. मेंदूच्या तळाशी उलटीचं नियंत्रण करणारा भाग आहे. त्याला चार वाटांनी खबर पोचते : पोट-आतड्यांकडून, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून, रक्तातून आणि मेंदूच्याच वरच्या भागातून. म्हणून जठराची सूज, गाडी लागणं, बिघडलेली किडनी, वाढलेली साखर किंवा कॅल्शियम आणि परीक्षेची धास्ती या सगळ्यांचा शेवट एकाच मळमळीत होऊ शकतो.

आपल्याकडे ‘पित्तानं डोकं चढतं, उलटी झाली की उतरतं’ असं सर्रास म्हणतात. अर्धं डोकं ठणकत असेल, उजेड आणि आवाज नकोसा होत असेल, तर ते बहुतेक वेळा मायग्रेन असतं. त्यावर वेगळी औषधं आहेत. पण तक्रार ‘पित्त’ म्हणून सांगितली की उपचारही पित्ताचाच होतो.

गैरसमज : ॲसिडिटीची गोळी रोज घेतली तर बिघडतं काय?

वस्तुस्थिती : एक तर निदान झाकलं जातं. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी चालू असताना खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून तपासणीआधी ही गोळी साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. हा जंतू काय करतो हे दाखवायला ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला. काही दिवसांतच त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आली. या संशोधनासाठी त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं.

दुसरं, तिच्या जोडीनं घेतल्या जाणाऱ्या उलटीच्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. डॉम्पेरिडॉनमुळे काही जणांत हृदयाची लय बिघडते. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये ती शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नये असं सांगितलं. मेटोक्लोप्रमाइड तीन महिन्यांपुढे नेऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेत २००९ पासून आहे. तरुणांत तर या गोळीनं किंवा इंजेक्शननं कधी कधी अचानक मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरचे घाबरून ‘बाहेरचं लागलं’ म्हणत देवऋषीकडे धावतात. खरं तर दवाखान्यात एका इंजेक्शननं हे सहसा काही मिनिटांत उतरतं.

गैरसमज : सोनोग्राफी साफ, एन्डोस्कोपी साफ, म्हणजे पोरगं नाटक करतंय.

वस्तुस्थिती : सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे, यकृत, किडनी दिसतात. एन्डोस्कोपीत अन्ननलिका आणि जठराचं अस्तर दिसतं. जठर अन्न किती वेगानं पुढे ढकलतं, हे दोन्हींत कळत नाही. त्यासाठी किरणोत्सारी पदार्थाचा अगदी अल्प अंश मिसळलेलं जेवण देऊन चार तास ठरावीक वेळाने छायाचित्रं घेतात. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरातच असेल, तर जठराची गती मंद आहे असं धरतात. ही तपासणी मोठ्या शहरांतच होते आणि सगळ्यांना लागतही नाही.

गतीही ठीक निघाली, तरी आजार खोटा ठरत नाही. पोट आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांत बिघाड झाला की अस्तर निरोगी असूनही मळमळ होते. पोट-आतड्यांच्या अशा विकारांसाठीच्या २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांत त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे : आठवड्यातून किमान एक दिवस त्रासदायक मळमळ किंवा उलटी, तीन महिने सातत्यानं, सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी आणि तपासण्यांत दुसरं कारण नाही. यावर डॉक्टर कधी ॲमिट्रिप्टिलिन हे मनाच्या आजाराचं औषध अगदी कमी मात्रेत देतात. चिठ्ठी वाचून मेडिकलवाला ‘डिप्रेशनची गोळी आहे’ म्हणाला, म्हणून ती परस्पर बंद करू नये. इथे ती पोटाच्या नसांची अतिसंवेदना कमी करण्यासाठी असते.

गैरसमज : फवारणी केली की थोडी मळमळ व्हायचीच.

वस्तुस्थिती : २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नसांच्या कामाला लागणारं कोलिनएस्टरेज हे द्रव्य निकामी करतात. मळमळ ही त्याची सुरुवातीची खूण आहे. तिच्यासोबत घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घुसमट दिसली, तर कपडे काढून अंग साबणानं धुवावं आणि कीटकनाशकाचा डबा घेऊन लगेच दवाखाना गाठावा. सोयाबीन-कपाशीच्या हंगामात दर आठ-दहा दिवसांनी पंप पाठीवर घेणाऱ्या मुलात हे द्रव्य भरून यायला वेळच मिळत नाही. रक्ततपासणीत ते कळतं, पण फवारणीचा विषय कोणी काढला तरच ती तपासणी सुचते.

गैरसमज : खर्रा खाल्ला, गांजा ओढला की बरं वाटतं. त्यानं कशी मळमळ होईल?

वस्तुस्थिती : खर्ऱ्यातलं निकोटिन उलटीच्या केंद्राला थेट डिवचतं. गांजाचं आणखी विचित्र आहे. थोड्या काळासाठी तो मळमळ दाबतो, पण वर्षानुवर्षं नियमित ओढणाऱ्या काहींना उलट्यांचे झटके येऊ लागतात आणि कढत पाण्यानं आंघोळ करत राहिलं तरच बरं वाटतं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे प्रथम नोंदवलं. इलाज एकच, गांजा पूर्ण बंद. पण बाप शेजारी बसलेला असताना मुलगा हे डॉक्टरला सांगेल कसा? म्हणून दहा मिनिटं तरी त्याला डॉक्टरसमोर एकट्याला बसू द्यावं.

गैरसमज : मुलीला मळमळ म्हणजे नक्की ‘तसलं’ काहीतरी.

वस्तुस्थिती : या वयाच्या मुलीची लघवीची गर्भचाचणी ही नेहमीची तपासणी आहे, साखर तपासतात तशीच. ती केली म्हणजे संशय घेतला असं होत नाही. मात्र कुजबुजीला भिऊन दवाखानाच टाळला, तर रक्तक्षय, थायरॉइड, मायग्रेन, पाळीच्या गोळ्या किंवा लोहाच्या गोळ्या यांपैकी खरं कारण तसंच राहून जातं.

गैरसमज : दुर्मीळ आजार आपल्याकडे कुठले?

वस्तुस्थिती : थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला किडनीवरच्या ग्रंथींचा आजार दुर्मीळ खरा, पण त्याचं एक कारण क्षयरोग आहे आणि क्षय आपल्याला परका नाही. मळमळ, उतरत चाललेलं वजन, उभं राहताच चक्कर, मिठाची ओढ आणि हिरड्या व तळहाताच्या रेषा काळवंडणं या त्याच्या खुणा. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातलं कॉर्टिसोल पहिला सुगावा देतं. उपचार नाही झाला तर जीव जातो, रोजच्या गोळ्यांनी माणूस नेहमीसारखं जगतो.

तपासण्यांचाही एक क्रम असतो. आधी रक्तगणना, साखर, सोडियम-पोटॅशियम, किडनी, यकृत, थायरॉइड, कॅल्शियम, लघवी. मग गरजेप्रमाणे सोनोग्राफी, एन्डोस्कोपी. मेंदूचा एमआरआय सरसकट लागत नाही. पण पहाटे डोकेदुखीसह उलट्या, उलटीत रक्त, काळी शौच, घास अडकणं, झपाट्यानं घटणारं वजन किंवा पाणीही न टिकणं, यांतलं एकही असेल तर क्रमाची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठावं.

बाकीच्यांनी दोन आठवडे वही ठेवावी. एक नोंद अशी : ‘सोमवार. रात्री झोप ५ तास. सकाळी ७ ला चहा-पोहे. साडेसातला मळमळ, ९ पर्यंत. उलटी नाही. उजवं कानशील ठणकलं, अंधारात बरं वाटलं. काल दुपारी फवारणी नाही, खर्रा एक.’ एवढ्या सात ओळींत डॉक्टरला मायग्रेनची शंका येते, ती दहा रिपोर्टांतून येणार नाही. मळमळ-उलट्यांनी आयुष्यभर हैराण असलेल्या चार्ल्स डार्विननंही १८४९ ते १८५५ अशी तब्येतीची रोजनिशी लिहिली होती. त्याचं निदान त्याच्या हयातीत झालं नाही, पण आजचे डॉक्टर त्यावर वाद घालतात ते बऱ्याच अंशी अशा नोंदींच्या आधारे.

ती वही, सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मालेगावचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढे अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि तिथूनही पाठवलं तर नागपूरचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय. मन खचलं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. शक्यतो एकाच डॉक्टरला धरून राहावं आणि प्रत्येक भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात : आतापर्यंत काय नाही हे ठरलं, आता कशाची शंका आहे आणि या गोळीनं किती दिवसांत फरक पडला नाही तर परत यायचं.