प्लेगच्या दवाखान्यातल्या सावित्रीबाई

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहून मी मुंबईच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून नोकरी केली. बरीच वर्षं साथीच्या वॉर्डात गेली. म्हणून पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या आवारात, २०२२ साली बसवलेल्या सावित्रीबाई फुल्यांच्या पुतळ्यासमोर उभी राहिले, तेव्हा भिडेवाड्यातल्या शाळेच्याही आधी मला हडपसरचा दवाखाना आठवला.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला आणि काही महिन्यांतच पुण्यात पोचला. काखेत, जांघेत गाठ, फणफणलेला ताप आणि खात्रीचं औषध नाही. घरचेही रुग्णाजवळ जायला धजत नसत. अशा वेळी सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि ६६ वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाडांच्या मुलाला लागण झाल्याचं कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. तापानं गळून गेलेलं मूल पाठीवर घेतलं की त्याचा श्वास आपल्या मानेवर येतो, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं ते नंतर, १८९८ साली. सावित्रीबाईंनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

भाचीकडे बर्मिंगहॅमला गेले असताना जवळच्या वॉल्सॉलमध्ये सिस्टर डोराचा पुतळा पाहिला. गावच्या या नर्सनं १८७५च्या देवीच्या साथीत साथरुग्णालय सांभाळलं. रेल्वे कामगारांनी वर्गणी काढून तिला घोडागाडी दिली होती आणि १८७८ साली ती गेल्यावर तिची शवपेटीही त्यांनीच खांद्यावर वाहिली. १८८६ साली लोकवर्गणीतून पुतळा उभा राहिला. अंगावर गणवेश, हातात बँडेज. चौथऱ्यावर दुर्घटनांतले जखमी आणि त्यांची शुश्रूषा करणारी डोरा कोरलेली. तिनं काय काम केलं, हे तिथं शाळकरी पोरालाही नुसतं बघून कळतं.

आपल्याकडे सावित्रीबाईंच्या बहुतेक चित्रांत पुस्तक असतं, आणि ते असायलाच हवं. पण यापुढे कुठंही त्यांचा पुतळा उभारताना चौथऱ्यावर मुंढव्याहून मूल आणणाऱ्या सावित्रीबाईही कोराव्यात. १२ मेला आम्ही नर्सेस नाइटिंगेलच्या तसबिरीपुढे दिवा लावतो. १० मार्चलाही प्रत्येक नर्सिंग कॉलेजात एक दिवा लागायला हवा, कारण रुग्णसेवा करतानाच जीव गेलेली ही आमच्या मातीतली बाई आहे.