विश्लेषण : डॉक्टर होण्यासाठी अकरावीला ‘नामांकित’ कॉलेज लागते का?

दहावीचा निकाल लागला की सांगलीच्या विश्रामबागेत पालकांची वर्दळ वाढते. १९१९ मध्ये सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय याच भागात आहे, वालचंद अभियांत्रिकीही इथलेच. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, मग अकरावीला इथेच ठेवायचे, लातूरला धाडायचे की थेट कोट्याला? निर्णय आठवड्याभरात होतो, खर्च मात्र दोन वर्षे चालतो. अनेक घरांत त्यासाठी कर्ज काढले जाते किंवा ठेव मोडली जाते. पण मेडिकलच्या प्रवेश यादीत या नामांकित नावाला किती गुण मिळतात? शून्य. कॉलेज कोणत्या राज्यात आहे याला मात्र मोठी किंमत आहे, आणि पालकांचे दुर्लक्ष नेमके तिकडेच होते.

गुणवत्ता यादीत काय मोजतात?

महाराष्ट्रात २०१७ पासून एमबीबीएसचा प्रवेश फक्त ‘नीट’च्या गुणांवर होतो. परीक्षा ७२० गुणांची, प्रश्न १८०. त्यांतले निम्मे म्हणजे ९० प्रश्न जीवशास्त्राचे, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकले की एक जातो. दोघांचे गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि नंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहिले जातात. कॉलेजचे नाव, बोर्ड, बारावीची टक्केवारी यांतले काहीच या गणितात येत नाही.

बारावीचे काम पात्रतेपुरते उरले आहे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण हवेत आणि इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे लागते. बारावीला ९५ टक्के मिळवलेली मुलगी आणि ५५ टक्क्यांचा मुलगा, नीटचे गुण समान असतील तर एकाच पायरीवर उभे असतात.

हे सगळीकडे असे नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग मेडिकल. तिथे ‘एमकॅट’ परीक्षेसोबत पदवीचे गुण, शिफारसपत्रे, रुग्णालयातील अनुभव आणि मुलाखत विचारात घेतली जाते. त्यामुळे पदवीचे कॉलेज कोणते, हा वाद तिथे रंगतो. आपल्याकडे यादी संगणक लावतो. त्याला कॉलेजची इमारत दिसत नाही.

मग मोठ्या कॉलेजांचे निकाल मोठे का दिसतात?

पहिले कारण म्हणजे आत येणारी मुले. जिथे दहावीला ९५ टक्क्यांच्या पुढची मुलेच रांग लावतात, तिथून दोन वर्षांनी चांगले निकाल बाहेर पडणारच. त्यात शिकवण्याचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे जाहिरातीवरून कळत नाही. चांगले शिक्षक, नियमित चाचण्या, अभ्यासू मित्र यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण तो उपयोग नीटच्या गुणांतूनच दिसतो, वेगळा मिळत नाही.

दुसरे कारण जाहिरातीच्या भाषेत आहे. ‘आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र’ असे फलक सर्रास दिसतात. पात्र होणे आणि प्रवेश मिळणे यांत मोठे अंतर आहे. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी नीट दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा त्या वर्षी ७२० पैकी १४४ गुणांवर होती. एवढ्या गुणांवर सरकारी कॉलेज सोडाच, बहुतेक खासगी कॉलेजांतही आशा धरता येत नाही. फलकावर अंश असतो, भाजक नसतो. तेव्हा प्रवेश घेताना विचारावे : एकूण किती मुले बसली, सरकारी एमबीबीएसला किती लागली, त्यांतली पहिल्याच प्रयत्नातली किती आणि ‘रिपीटर’ किती? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजायचे.

नाव नाही, पत्ता महत्त्वाचा

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. विश्रामबागेतल्या मुलीचे पहिले स्वप्न बहुधा हेच असते, घरापासून जवळ आणि फी सरकारी. इथल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. या ८५ टक्क्यांत येण्यासाठी नुसते सांगलीत घर असून भागत नाही. महाराष्ट्राचा अधिवास दाखला हवा, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण हवी. केंद्र सरकारचे कर्मचारी, सैन्यदलातील पालक अशांच्या मुलांसाठी अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हा.

सांगली जिल्ह्याला हा नियम जास्त बोचतो, कारण कर्नाटक शेजारी आहे. मिरजेहून कागवाड, अथणीकडे रोज ये-जा चालते. वसतिगृह स्वस्त आहे किंवा मामाचे घर तिकडे आहे म्हणून बारावी सीमेपलीकडे केली, तर ८५ टक्क्यांचा दरवाजा बंद होऊ शकतो. त्या बदल्यात कर्नाटकचा कोटा मिळेल असेही नाही. तिथल्या सर्वसाधारण नियमात किमान ७ शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकल्याची अट आहे. म्हणजे मुलगी दोन्हीकडची नाही. मग उरतो अखिल भारतीय कोटा किंवा अभिमत विद्यापीठे. सांगलीतले भारती विद्यापीठाचे आणि कराडचे कृष्णा ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये अभिमत विद्यापीठांत मोडतात. तिथे अधिवासाची अट नाही, पण फीचा आकडा मध्यमवर्गाला घाम फोडणारा असतो.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. ती त्या गावांच्या रहिवाशांसाठी आहे, सांगलीहून तिकडे शिकायला गेलेल्यांसाठी नाही.

कोट्याचेही तेच. क्लास राजस्थानात केला म्हणून बिघडत नाही, पण बारावीची गुणपत्रिका तिथल्या शाळेची असेल तर बिघडते. म्हणून अनेक जण नाव महाराष्ट्रातल्या कॉलेजात आणि मुलगा कोट्यात, अशी सोय करतात. ती आता धोक्याची झाली आहे. नियमित शाळेत न येणाऱ्या ‘डमी’ विद्यार्थ्यांना बारावीच्या परीक्षेला बसू देणार नाही, असे सीबीएसईने २०२५ मध्ये बजावले आहे.

राज्याच्या आतही पत्ता मोजला जायचा

काही वर्षांपूर्वीपर्यंत लातूरला जाण्याचा अर्थच वेगळा होता. राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरातल्यांना, असे ७०:३० चे सूत्र होते. विभाग ठरायचा तो बारावी कुठून केली यावरून. सांगलीचा मुलगा लातूरहून बारावी झाला की मराठवाड्यात धरला जायचा आणि मिरजेच्या जागांसाठी त्याला बाहेरच्यांसारखी स्पर्धा करावी लागायची. मराठवाड्यात मेडिकलच्या जागा कमी, म्हणून तिथून या सूत्राला मोठा विरोध होता. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. आज बारावी विश्रामबागेत करा की लातूरला, राज्य कोट्यात फरक पडत नाही. जुन्या बॅचच्या पालकांकडून सल्ला घेताना हे लक्षात ठेवलेले बरे, त्यांच्या वेळचे गणित निराळे होते.

पुढे एमडी-एमएसला?

तिथेही यादी नीट-पीजीच्या गुणांवरच लागते. एमबीबीएस मिरजेचे की मुंबईचे, याला गुण नाहीत. पण पत्ता पुन्हा येतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले, मात्र संस्थेनुसार प्राधान्य मर्यादित प्रमाणात देता येईल असे म्हटले. म्हणजे मुलगी कुठल्या गावची हे नव्हे, तर तिने एमबीबीएस कुठे केले, हे राज्याच्या ५० टक्के जागांसाठी पाहिले जाणार. बारावीनंतर परराज्यातले एमबीबीएस पसंत करणाऱ्यांनी पर्याय भरतानाच हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक साधी गोष्ट : अधिवास दाखला तहसील कार्यालयातून नीटच्या निकालाआधीच काढून ठेवावा. निकालानंतर तिथे रांग लागते आणि प्रवेश फेरीची मुदत कोणासाठी थांबत नाही.