पाणी किती, यापेक्षा मोकळं किती

नागपूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. पाईपच्या तंबाखूचा डबा एकदा उघडला की उन्हाळ्यात काही दिवसांतच तिचा चुरा होतो. डब्यात सफरचंदाची फोड ठेवावी असं जुने शौकीन सांगतात, ते बरोबर आहे का? तंबाखू ओढू नये, आणि ताजी तंबाखू कोरडीपेक्षा जराही कमी घातक नसते, हे आधी सांगून टाकतो. पण प्रश्न मोठा सुंदर आहे. त्याच्या उत्तरात मध येतो, शेंगदाणे येतात आणि ऑस्ट्रेलियातून जहाजाने इंग्लंडला निघालेलं गोमांसही येतं.

आधी फोडीचा हिशेब करू. ५० ग्रॅम तंबाखूत १५ टक्के पाणी धरलं, तर ते साडेसात ग्रॅम भरतं. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे १० ग्रॅमच्या लहानशा फोडीत साडेआठ ग्रॅम. अख्ख्या डब्यात मुळात जेवढं पाणी होतं, त्याहून जास्त आपण एका फोडीबरोबर आत ठेवतो! फोडीलगतची पानं ओली होतात, लांबची कोरडीच राहतात आणि काही दिवसांत पांढरी लव दिसू लागते. बटाट्याची फोड आणि संत्र्याची साल हे तोडगेही याच जातीचे.

मग किती पाणी असावं? इथे आपण टक्क्यांत उत्तर मागतो, आणि टक्के फसवतात. मधात १७-१८ टक्के पाणी असूनही तो वर्षानुवर्षं टिकतो. गहू १३ टक्क्यांना कोठीत सुखाने राहतो. शेंगदाण्यांत तेवढंच पाणी राहिलं तर मात्र बुरशी ठरलेली. ते ७-८ टक्क्यांपर्यंत वाळवावे लागतात.

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. घरात माणसं खच्चून भरलेली असतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आणायला कोणी सापडत नाही. कोणी आचाऱ्याजवळ अडकलेलं, कोणी भटजींच्या हाताशी, कोणी आहेर मांडतंय. दाराबाहेर पडू शकतो तो हात रिकामा असलेलाच. पाण्याच्या रेणूंचंही असंच असतं. मधातली साखर पाण्याला इतकं गुंतवून ठेवते की बुरशीच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. शेंगदाण्याचा जवळपास अर्धा भाग तेल, आणि तेल पाण्याला कामाला लावतच नाही. त्यामुळे उरलेल्या अर्ध्या भागात थोडंसं पाणीही मोकळं फिरू लागतं.

या मोकळेपणाला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १, मधाची ०.६च्या आसपास, ताज्या पावाची ०.९५. ती मोजायची रीतही साधी आहे. पदार्थ बंद भांड्यात ठेवायचा आणि आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता कुठे स्थिरावते ते पाहायचं. ६० टक्क्यांवर स्थिरावली, तर ॲक्टिव्हिटी ०.६०. पाईपच्या तंबाखूसाठी ०.६० ते ०.६५ हा पट्टा चांगला. त्यात पान लवचिक राहतं आणि बुरशीला जम बसवणं जवळजवळ अशक्य होतं. सुगंधी तंबाखूत ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळतात ते याचसाठी. त्यांनी पाणी धरून ठेवलं की टक्के वाढूनही ॲक्टिव्हिटी वाढत नाही.

हे सगळं आज सोपं वाटतं, पण ते सोपं करून देणाऱ्या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात येत नाही, याची मला मनापासून खंत आहे. ‘ॲक्टिव्हिटी’ ही संकल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युईस यांनी १९०७ मध्ये मांडली होती, पण ती औष्णिकगतिकीच्या समीकरणांत राहिली. तिला स्वयंपाकघरात आणि गोदामात आणलं ते ऑस्ट्रेलियाच्या विल्यम जेम्स स्कॉट यांनी. १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियाला आपलं गोमांस न गोठवता, नुसतं थंड ठेवून ब्रिटनला पाठवायचं होतं. प्रवास अनेक आठवड्यांचा, आणि तेवढ्यात मांसावर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढायचा. स्कॉट यांनी उणे १ अंश तापमानाला मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी कमी-जास्त करून जीवाणूंच्या वाढीचा वेग मोजला. तो शोधनिबंध १९३६चा. पुढे १९५३ मध्ये त्यांनी अन्नविषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू घेतला आणि त्याला वेगवेगळ्या क्षारांत, साखरेत, वाळवलेल्या मांसात, दुधात वाढवून पाहिलं. माध्यम बदललं, पाण्याचे टक्के बदलले, पण वाढ थांबण्याची सीमा हटली नाही: ०.८६. पाण्याला कोणी गुंतवलंय याच्याशी जीवाणूला देणंघेणं नव्हतं, किती मोकळं उरलंय एवढंच त्याला कळत होतं. अमेरिकेच्या डबाबंद अन्नाच्या नियमांत आज ०.८५ हा आकडा आहे, तो याच सीमेला धरून. पाश्चर यांचं नाव प्रत्येक दुधाच्या पिशवीबरोबर घरात येतं. लोणचं, मुरांबा, पापड, खाकरा का टिकतात याचं नेमकं माप देणाऱ्या स्कॉट यांनाही तेवढा मान मिळायला हवा.

आता बाजाराकडे वळू. ‘दोन्ही दिशांनी काम करणारी’ आर्द्रता-पाकिटं सध्या बरीच महाग विकली जातात. ती काम करतात, हे खरं. पण जाहिरातीत त्यांना ‘बुद्धिमान’ म्हणतात, ते मला खटकतं. आत असतं ते मुख्यतः क्षाराचं संपृक्त द्रावण. द्रावणाच्या तळाशी न विरघळलेला क्षार शिल्लक असेल, तर तापमान ठरलं की वरच्या हवेची आर्द्रताही ठरते. हवा कोरडी झाली तर द्रावण पाणी सोडतं आणि थोडा क्षार खाली बसतो; हवा दमट झाली तर पाणी ओढलं जातं आणि क्षार विरघळतो. १८७०च्या दशकात विलर्ड गिब्ज यांनी लिहिलेल्या नियमातून हे थेट निघतं. आपल्या साध्या मिठाचा आकडा ७५ टक्के, आणि २० ते ४० अंशांमध्ये तो जेमतेम एका टक्क्याने हलतो. मुंबईत जुलैमध्ये मीठदाणीतलं मीठ ओलं होतं ते म्हणूनच. हवेने ७५ची रेषा ओलांडलेली असते. तंबाखूसाठी ७५ जास्त होतात, म्हणून पाकिटांत वेगळे क्षार घालून ६२ किंवा ६५चा आकडा साधतात.

घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीला मात्र बहुधा पाकिटाचीही गरज नसते. रबरी कडीची, स्वच्छ धुऊन वाळवलेली बरणी घ्या आणि तंबाखू डब्यातून तिच्यात काढा. एकदा सील तुटलेला पत्र्याचा डबा पुन्हा नीट बंद होत नाही. बरणी अर्धी रिकामी झाली की तंबाखू सुकेल, ही भीतीही हिशेबात टिकत नाही. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बरणीतसुद्धा ६० टक्के आर्द्रतेला जेमतेम ७ मिलिग्रॅम पाणी असतं. झाकण शंभरदा उघडलं आणि प्रत्येक वेळी सगळी हवा बदलली, तरी एक ग्रॅमही जात नाही. पॉलिथिनची पिशवी बाष्प बऱ्यापैकी अडवते, पण वास तिच्यातून झिरपून जातो.

सुकलेली तंबाखू ताटलीत पसरून वर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं तिला न टेकता झाकलं, तर काही तासांत पानं नरम होतात. पाणी परत येतं, पण उडून गेलेली सुगंधी द्रव्यं परत येत नाहीत, म्हणून सुकू न देणं उत्तम. कोकणात पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो. तिथे बरणी बंद ठेवायची ती बाहेरचा दमटपणा आत येऊ नये म्हणून.

छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणला असेल, तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं होईल इतपतच ओलं करा आणि मापकाबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७० दिसले तर मापक ५ कमी दाखवतोय. तेवढे मिळवून वाचा आणि मग तो तंबाखूच्या बरणीत ठेवा.